लो फॅट दही: दुधाच्या निवडीपासून वाटीतल्या हिशेबापर्यंत

“आम्ही साय काढूनच दही लावतो, म्हणजे लो फॅटच की.” हे वाक्य मला महिन्यातून दोन-तीनदा ऐकू येतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग वजन का हलत नाही? दही पाणचट का होतं? आणि मे महिन्यात तोंडात घालवत नाही इतकं आंबट का होतं?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. दह्यात किती फॅट असणार, हे विरजण घालण्याच्या आधी ठरतं आणि बहुतेक घरांत तेव्हा कुणी मोजलेलं नसतं. लागलेल्या दह्यावरची साय चमच्याने बाजूला केली तरी खालचं दही ज्या दुधाचं, त्याच दुधाचं राहतं. म्हणून आधी दूध, मग दही, मग वाटी याच क्रमाने जाऊ या. क्रम मोडला की आकडे चुकतात.

आधी हे जमवून ठेवा

स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल काटा असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर वाण्याकडे एकदा आपली रोजची दह्याची वाटी घेऊन जा आणि तीत किती ग्रॅम दही मावतं ते मोजून घ्या. आमच्या घरातली आमटीची वाटी १५० ग्रॅम घेते, ताटातली छोटी वाटी जेमतेम ८० ग्रॅम. “एक वाटी दही” म्हणताना कुठली वाटी, हे ठरलेलं नसेल तर पुढचा सगळा हिशेब हवेतला.

बाकी सामान साधं: जाड बुडाचं पातेलं, लावायला स्टीलचा डबा किंवा मातीचं भांडं, ताजं आणि गोडसर विरजण, हवी असल्यास स्किम्ड मिल्क पावडर. थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तर करंगळी चालते.

सावधान: मिल्क पावडर घेताना पाकिटावर “स्किम्ड मिल्क पावडर” हे शब्द शोधा. चहासाठी मिळते ती डेअरी व्हाइटनर वेगळी, तिच्यात बहुधा साखर मिसळलेली असते. मी स्वतः एकदा घाईत ती उचलून आणली होती. दही सुंदर लागलं, घट्ट आणि गोड, आणि तो गोडवा कुठून आला हे पाकीट उलटून वाचल्यावर कळलं.

टप्पा १: दुधातलं फॅट ठरवा

पिशवीचं दूध असेल तर काम सोपं आहे. रंगावर जाऊ नका, कारण प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे. शब्द वाचा. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांप्रमाणे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त अर्धा टक्का. “लो फॅट” असा दावा घन पदार्थावर करायचा तर १०० ग्रॅममागे फॅट ३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे टोन्ड दुधाचं दही काठावर बसतं आणि डबल टोन्डचं आरामात. मी घरी डबल टोन्डच वापरतो. स्किम्ड दुधाचं दही पौष्टिक असतं खरं, पण आठवडाभर आवडीने खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता रतिबाचं दूध, जे सोलापुरात अजून बऱ्याच घरी येतं आणि जिथे खरी फसगत होते. आपल्या जिल्ह्यातली पंढरपुरी म्हैस तिच्या लांबलचक शिंगांसाठी ओळखली जाते, पण तिच्या दुधालाही ७ टक्क्यांच्या आसपास आणि कधी त्याहून वर फॅट लागतं. अशा दुधाची साय एकदा काढली तरी बरंचसं फॅट खाली दुधातच राहतं. किती राहतं, ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. तुम्ही तूप कढवत असाल तर आकडा तुमच्याच घरात आहे.

असं करा. गवळ्याला दुधाचं फॅट विचारा. संकलन केंद्रावर दूध फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) मोजूनच घेतात, त्यामुळे घालणाऱ्याला आकडा तोंडपाठ असतो. समजा त्याने ७ सांगितलं. एक लिटर दुधाचं वजन साधारण १०३० ग्रॅम, म्हणजे त्यात ७२ ग्रॅम फॅट. रोज एक लिटर घेत असाल तर आठवड्याला ५०५ ग्रॅमच्या जवळपास. आता त्याच सात दिवसांच्या सायीचं लोणी काढा, तूप कढवा आणि वजन करा. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ फॅट. तूप २८० ग्रॅम निघालं तर उरलेलं २२५ ग्रॅम त्या सात लिटर दुधात राहिलं. लिटरमागे ३२ ग्रॅम, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास.

थोडं फॅट बेरीत आणि ताकात जातं, म्हणून खरा आकडा यापेक्षा किंचित कमी असेल. पण मुद्दा लक्षात आला असेल: इतकी साय काढूनही तुमचं दूध कसंबसं टोन्डच्या जवळ आलं. डबल टोन्ड अजून लांब आहे.

त्याहून खाली उतरायचं तर साय दोनदा काढा. दूध तापवा, निववा, फ्रिजमध्ये आठ-दहा तास अजिबात न हलवता ठेवा, साय अखंड उचला. पुन्हा तापवा, पुन्हा फ्रिज, पुन्हा साय. दुसऱ्यांदा येणारी साय पातळ असते, ती चमच्याने न उचलता गाळणीने काढा.

तपासा: पिशवीवर “होमोजिनाइज्ड” लिहिलं असेल तर सायीचा खटाटोप करू नका. त्या दुधातले फॅटचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. साय दिसली नाही म्हणून फॅट नाही, असा अर्थ काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सावधान: दुधात पाणी घालून फॅट कमी करणं हा उपाय नव्हे. फॅटबरोबर प्रथिनं आणि कॅल्शियमही त्याच मापात पातळ होतात आणि दही घट्ट लागत नाही ते नाहीच. लॅक्टोमीटरनेही फॅट कळत नाही. तो दुधाची घनता सांगतो. पाण्याने घनता उतरते, साय काढल्याने चढते, आणि दोन्ही केलं तर बिचारा लॅक्टोमीटर “सगळं ठीक” म्हणतो.

टप्पा २: तापवणं, आणि ते नीट तापवणं

सायीच्या दह्याला फॅटमुळे अंग येतं. लो फॅट दह्यात ते अंग प्रथिनांकडून काढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी दूध नुसतं उतू जाईपर्यंत तापवणं पुरत नाही. तापमान ८५ ते ९० अंश सेल्सिअसवर काही वेळ टिकलं की दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, जाऊन चिकटतात. मग दही लागताना जाळी दाट विणली जाते आणि पाणी धरून ठेवते. हा टप्पा गाळला तर दही लागतं, पण चमचा घातला की हिरवट पाण्याचं तळं.

क्रम असा ठेवा:

१. दूध थंड किंवा कोमट असतानाच पावडर घाला. अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे तीन सपाट चमचे. आधी वाटीभर दुधात गुठळ्या मोडा, मग पातेल्यात ओता. उकळत्या दुधात पावडर टाकली की गुठळ्या तळाशी जाऊन लागतात.

२. मध्यम आचेवर उकळी आणा.

३. आच एकदम मंद करून आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. बूड खरवडत ढवळा. पावडरचं दूध करपायला टपलेलं असतं.

४. उतरवल्यावर निवेपर्यंत मधूनमधून ढवळा, म्हणजे वर साय धरणार नाही. धरलीच तर आता काढून टाका.

पावडर नको असेल तर दूध आटवा. एक लिटरचं ८०० मिली केलं की सगळंच सव्वापट होतं. त्यात फॅटही आलं: १.५ टक्क्यांचं १.९ टक्क्यांच्या जवळ जातं. चालण्यासारखं आहे, फक्त हिशेबात धरा.

टप्पा ३: निववणं आणि विरजण, सोलापूरच्या हवेत

कुठल्याही पाककृतीत “रात्री विरजण लावा, सकाळी दही तयार” असं लिहिलेलं असतं. ही सूचना पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यासाठी ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि रात्रीही स्वयंपाकघराच्या भिंती गरम लागतात. तिथे रात्री नऊला लावलेलं दही बाराच्या आसपासच लागतं आणि मग सकाळपर्यंत आंबत बसतं.

दूध ४० ते ४२ अंशांवर आलं की विरजण घाला. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवा आणि दहा आकडे मोजा. दहापर्यंत बोट सुखाने राहिलं आणि तरी ऊब जाणवली, तर दूध तयार. बोट ओढून घ्यावंसं वाटलं तर थांबा. पन्नासच्या पुढच्या दुधात विरजणातले जिवाणू मरायला लागतात आणि मग दोष विरजणाला जातो.

मे महिन्यात आणखी एक गंमत होते. पातेलं ओट्यावर ठेवून निववायला तास-दीड तास लागतो, कारण हवाच जवळपास तितकी गरम. पातेलं परातीत पाण्यावर ठेवा. पण टाकीचं पाणी दुपारी कढत असतं, माठातलं घ्या. ते पाणी नंतर तुळशीला घाला, आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे काही सांगायला नको.

अर्धा लिटर दुधाला मापं अशी:

उन्हाळ्यात एक लहान चमचा विरजण. तीन ते साडेतीन तासांत दही लागतं. संध्याकाळी सहाला लावा, साडेनऊला बघा.

पावसाळ्यात दीड चमचा, सहा-सात तास.

डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) दिवसांत, दोन चमचे आणि आठ ते दहा तास. डबा पिठाच्या डब्यात ठेवा किंवा चादरीत गुंडाळा. सोलापुरात चादरीला काय तोटा.

विरजण आधी दोन चमचे दुधात मोडून एकजीव करा, मग सगळ्या दुधात मिसळा. एकदा मिसळलं की भांडं हलवायचं नाही, झाकण उघडून डोकवायचं नाही, “लागलं का बघू” म्हणून बोट घालायचं नाही.

बऱ्याच जणांना शंका असते: विरजण सायीच्या दह्याचं असेल तर? काही बिघडत नाही. एका चमच्यातून अर्ध्या लिटरमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम फॅट जातं.

तपासा: भांडं किंचित तिरपं करा. दही कडेपासून सलग सुटलं आणि मधलं हललं नाही तर लागलं. मधे दुधासारखी लाट आली तर अर्धा तास अजून.

टप्पा ४: लागलं की लगेच थंड

यात सांगण्यासारखं फार नाही, पण करतं कुणी नाही. दही लागल्या क्षणी फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. दोन-तीन तास थंडीत बसलं की आणखी घट्ट होतं. त्याआधी ढवळलं तर लो फॅट दही पाणी सोडतं आणि पुन्हा जुळून येत नाही. भारनियमन चालू असेल तर डबा थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून वर ओला फडका टाका, तेवढ्यावर दोन तास निघतात.

वर आलेली निवळी फेकू नका. तिचा पिवळट-हिरवा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा असतो. परत मिसळून खा किंवा ताकात घाला.

टप्पा ५: वाटीतला हिशेब

आता ज्यासाठी एवढी खटपट केली ते. खालचे आकडे १०० ग्रॅम दह्याचे आणि अंदाजे आहेत. दूध बदललं की थोडे इकडेतिकडे होतील.

म्हशीच्या ७ टक्क्यांच्या दुधाचं, सायीसकट: कॅलरी सुमारे १००, फॅट ७ ग्रॅम, प्रथिनं ३.८ ग्रॅम.

डबल टोन्ड दुधाचं, नुसतं: कॅलरी ४६, फॅट १.५ ग्रॅम, प्रथिनं ३.३ ग्रॅम, कर्बोदकं ५ ग्रॅमच्या आत, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम.

डबल टोन्ड अधिक वर सांगितलेली पावडर: कॅलरी ६०, फॅट १.५ ग्रॅमच्या आत, प्रथिनं ४.८ ग्रॅम, कर्बोदकं सुमारे ७ ग्रॅम, कॅल्शियम १७० मिलिग्रॅम.

तिसरी ओळ नीट बघा. पावडर घातल्यावर कॅलरी ४६ वरून ६० वर गेल्या. अमेरिकी अन्नसूचीतलं साधं लो फॅट योगर्टही ६३ कॅलरी, सव्वापाच ग्रॅम प्रथिनं आणि १८३ मिलिग्रॅम कॅल्शियमचं आहे, कारण तिकडेही दुधाचे घनपदार्थ वाढवतात. आणि त्याच सूचीत पूर्ण दुधाचं योगर्ट आहे ६१ कॅलरींचं! म्हणजे “लो फॅट” हा शब्द वाचून “कमी कॅलरी” समजलात की फसलात. फॅट गेलं, त्या जागी प्रथिनं, कॅल्शियम आणि दुधातली साखर आली. माझ्या मते सौदा चांगलाच आहे, पण काय दिलं आणि काय घेतलं ते ठाऊक असावं.

ही कर्बोदकं म्हणजे दुधातलीच लॅक्टोज. विरजताना तिचा पाचवा ते चौथा हिस्सा लॅक्टिक आम्लात बदलतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं. आम्लातूनही कॅलरी मिळतातच, त्यामुळे “आंबट दह्यात कॅलरी कमी” ही समजूत सोडून द्या.

आता तुमच्या वाटीला आणा. १५० ग्रॅमच्या वाटीत पावडर घातलेलं दही म्हणजे ९० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिनं, २५५ मिलिग्रॅम कॅल्शियम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे एका वाटीत पाव भाग आला. ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, त्यातला साधारण सहावा हिस्सा इथे. शाकाहारी घरात ब-१२ चा स्रोत म्हणूनही दह्याला मोल आहे: १५० ग्रॅममध्ये ०.८ मायक्रोग्रॅमच्या जवळपास, गरज दिवसाला २.२ ची.

दह्यात काय नाही, तेही मोजा. लोह नावापुरतं, क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, तंतू शून्य. आणि फॅटबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वंही निघून जातात. पिशवीवर निळं “प्लस एफ” चिन्ह असेल तर त्या दुधात ही दोन्ही वरून घातलेली असतात. दोन डबल टोन्ड पिशव्यांमधून निवडायचं झालं तर चिन्हवाली घ्या.

टप्पा ६: चक्का करणार असाल तर

दही फडक्यात टांगलं की प्रथिनं दाट होतात. पाच-सहा तासांत वजन निम्म्यावर आलं तर १०० ग्रॅममागे प्रथिनं ८-९ ग्रॅमपर्यंत जातात. इथे बहुतेक जण धरून चालतात की कॅल्शियमही दुप्पट झालं असेल. तसं होत नाही. दही आंबट असल्यामुळे कॅल्शियमचा मोठा भाग पाण्यात विरघळलेला असतो आणि तो निवळीबरोबर खाली गळतो. म्हणून हाडांसाठी दही खात असाल तर टांगू नका, प्रथिनांसाठी खात असाल तर टांगा.

खाली जमलेल्या पाण्यात धपाट्याचं पीठ मळा. त्यात मीठ घालताना हात आखडता, आंबटपणामुळे कमी पुरतं.

सावधान: मे महिन्यात ओट्यावर टांगू नका, चक्का आंबून कडवट होतो. गाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून सगळं फ्रिजमध्ये.

टप्पा ७: विकतचा डबा घेताना

पाच गोष्टी, याच क्रमाने वाचा. पुढची बाजू शेवटी वाचा, किंवा वाचूच नका.

१. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे. दोन डबे शेजारी धरून तुलना करताना निम्मे लोक इथेच घसरतात.

२. फॅट ३ ग्रॅमच्या आत आहे का.

३. प्रथिनं. तीन ग्रॅमच्या खाली असतील तर घट्टपणा स्टार्चचा असण्याची शक्यता मोठी, घटकांची यादी बघा.

४. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, या दोन वेगळ्या ओळी असतात. साध्या दह्यात ५ ते ७ ग्रॅम साखर दुधाचीच असते, तिला घाबरू नका. फळांच्या चवीच्या डब्यात १५ ग्रॅम दिसली तर वरचे आठ-दहा ग्रॅम कारखान्यातले, म्हणजे दोन चमचे साखर.

५. तारीख आणि दुकानाचा फ्रिज. नव्या पेठेत भर दुपारी घेतलेला डबा जुळे सोलापूरला पोचेपर्यंत तापतो. दही शेवटी घ्या आणि थेट घरी या.

टप्पा ८: ताटात वाढताना

इथे सोलापूरकरांशी थोडं वाकडं बोलावं लागणार. म्हशीच्या सायीच्या दह्याऐवजी डबल टोन्डचं घेतल्याने १५० ग्रॅमच्या वाटीत सव्वाआठ ग्रॅम फॅट वाचलं. मग त्यावर शेंगाचटणी आली. शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल. दहा ग्रॅमचा एक चमचा चटणी म्हणजे साडेचार ग्रॅम फॅट, दोन चमचे म्हणजे नऊ. वाचवलेलं सगळं परत आलं, वर थोडं व्याज.

चटणी सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही ते जमलेलं नाही. शिवाय हे फॅट वेगळ्या जातीचं आहे: दुधाच्या फॅटचा दोन तृतीयांशाच्या जवळपास भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो, शेंगदाण्यात तो बराच कमी. पण वजनासाठी दही मोजत असाल तर चटणीही मोजा. एक चमचा ठरवा आणि बरणी ताटापासून दूर ठेवा.

उलट कडक भाकरीचा चुरा दह्यात, ही जोडी पोषणाच्या हिशेबानेही पक्की आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी पडतं, दह्यात ते भरपूर असतं.

साखर एक चमचा म्हणजे २० कॅलरी, ते सगळ्यांना माहीत असतं. मिठाकडे मात्र लक्ष जात नाही. १०० ग्रॅम दह्यात मुळात ५० ते ७० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि उन्हाळ्यात ताकाच्या तांब्यात टाकलेल्या अर्ध्या चमचा मिठात हजाराच्या वर. रक्तदाब असेल तर जिऱ्याची पूड वाढवा, मीठ चिमटीने घाला.

कढी केली तर जिवाणू मरतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम राहतं. लो फॅट दह्याची कढी लवकर फुटते, म्हणून बेसन थंड दह्यातच घुसळा, मीठ शेवटी घाला आणि खळखळून उकळू देऊ नका.

कुणी थांबून विचार करावा

दोन वर्षांखालच्या मुलांना लो फॅट दही देऊ नका, त्यांना ते फॅट लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरससाठी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा, आणि पावडर घातलेल्या दह्यात दोन्ही वाढतात हे त्यांना सांगा. लोहाची गोळी, थायरॉइडची गोळी आणि टेट्रासायक्लीन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं दह्याबरोबर घेऊ नयेत, कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाहीत. मधे किती तास ठेवायचे ते औषध देणाऱ्याला विचारा.

बिघडलं तर

पाणी सुटलं: तापवताना मंद आचेवरची आठ-दहा मिनिटं गाळली, किंवा लागताना भांडं हललं.

लागलंच नाही: दूध फार गरम असताना विरजण गेलं, किंवा विरजण आठवड्याहून शिळं. दूध वासाला चांगलं असेल तर कोमट करून पुन्हा ताजं विरजण घाला.

तार सुटते: विरजण बदला. त्याच विरजणातून पुढे कितीही वेळा लावलं तरी तार जाणार नाही. भांडं कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

आंबट होतं: विरजण कमी करा आणि तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवा. आंबट झालेल्यात गोडं दूध मिसळून चव सारखी करता येते, पण मग ते दूध कुठलं घातलंत ते हिशेबात घ्या. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आठवडाभर डबल टोन्डच्या दह्यात म्हशीचं दूध मिसळलं जात होतं, आणि वहीत मी इमाने-इतबारे दीड टक्का लिहीत होतो.

उद्याच्या दह्यासाठी चमचाभर विरजण आजच, मीठ-साखर पडायच्या आधी, झाकणाच्या छोट्या डब्यात काढून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा.